परदेश दौऱ्यातील पहिली कसोटी आणि सराव सामन्यांचा प्रश्न

तुमचा प्रश्न असा आहे की भारतीय संघ इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंडला गेला की पहिलीच कसोटी इतक्या वेळा का हरतो, पूर्वीसारखे सराव सामने पुन्हा सुरू केले तर हे थांबेल का, आणि मालिकेत दोनच कसोट्या असतील तर तयारी कशी करावी. मी बरीच वर्षे प्रथम श्रेणीच्या फलंदाजांना मार्गदर्शन करतो आणि परदेशी जाणाऱ्या खेळाडूंची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे वेळोवेळी आले आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की तुमची काळजी रास्त आहे, पण सराव सामन्यांच्या संख्येकडे बोट दाखवल्याने तिचे उत्तर मिळत नाही.

आधी नोंदी पाहू. 2018 ते 2025 या काळात भारताने या चार देशांत दहा कसोटी मालिका खेळल्या. त्यांतील पहिल्या कसोट्यांपैकी सहा आपण हरलो : दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन (जानेवारी 2018) आणि सेंच्युरियन (2023), इंग्लंडमध्ये एजबॅस्टन (2018) आणि लीड्स (2025), न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन (2020) आणि ऑस्ट्रेलियात अॅडलेड (2020). अॅडलेड (2018), सेंच्युरियन (2021) आणि पर्थ (2024) येथे जिंकलो, तर 2021 मधली इंग्लंडमधील ट्रेंट ब्रिजची कसोटी शेवटच्या दिवशीच्या पावसामुळे अनिर्णित राहिली. म्हणजे तुमचे निरीक्षण बरोबर आहे.

आता याच दहा कसोट्या सराव सामन्यांच्या अंगाने पाहा. एजबॅस्टनच्या आधी एसेक्स या इंग्लिश कौंटी (प्रांतिक) संघाविरुद्ध, 2018 च्या अॅडलेडच्या आधी क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या एकादश संघाविरुद्ध, वेलिंग्टनच्या आधी हॅमिल्टनला न्यूझीलंड एकादश संघाविरुद्ध, 2020 च्या अॅडलेडच्या आधी ऑस्ट्रेलिया 'अ' या दुसऱ्या फळीच्या संघाविरुद्ध आणि ट्रेंट ब्रिजच्या आधी डरहॅमला कौंटी खेळाडूंच्या संघाविरुद्ध आपण सराव सामने खेळलो होतो. या पाचांपैकी एक विजय, तीन पराभव आणि एक अनिर्णित. उरलेल्या पाच कसोट्यांपूर्वी प्रतिस्पर्धी संघाविरुद्ध सामना झालाच नाही. एक तर नियोजित सामना रद्द केला गेला, किंवा संघाने आपापसात सामना खेळून अथवा मैदानाच्या मधल्या खेळपट्टीवर सराव करून भागवले. त्या पाचांत दोन विजय आणि तीन पराभव आहेत. इतक्या थोड्या सामन्यांवरून कोणताही नियम काढू नये, हे मी आग्रहाने सांगेन. मात्र 'सराव सामना खेळला की पहिली कसोटी वाचते' हे विधान या नोंदींतून सिद्ध होत नाही, एवढे नक्की.

हॅमिल्टनच्या सामन्यात हनुमा विहारीने शतक केले आणि चेतेश्वर पुजाराने 93 धावा केल्या. पुढच्याच आठवड्यात वेलिंग्टनला आपण 165 आणि 191 धावांत बाद होऊन दहा गडी राखून हरलो. याउलट डिसेंबर 2021 मध्ये सेंच्युरियनला संघ एकही सराव सामना न खेळता उतरला, के. एल. राहुलने पहिल्याच दिवशी शतक केले आणि आपण 113 धावांनी जिंकलो.

जुन्या दौऱ्यांबद्दलची हळहळ मलाही आहे, पण तिथेही चित्र एकरंगी नाही. 1932 च्या इंग्लंड दौऱ्यात एकच कसोटी होती आणि तिच्याभोवती तीसहून अधिक सामने होते. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी मालिका जिंकली, तेव्हाही कसोट्यांच्या मध्ये भरपूर सामने असत. परंतु तशाच लांब दौऱ्यांवर 1959 मध्ये आपण इंग्लंडमध्ये पाचही कसोट्या हरलो आणि 1974 मध्ये लॉर्ड्सवर 42 धावांत बाद झालो. या काळातला मला सर्वांत बोलका वाटणारा दाखला 1967-68 चा आहे. पतौडींच्या नेतृत्वाखालच्या त्या संघाने ऑस्ट्रेलियात चारही कसोट्या गमावल्या आणि तिथूनच थेट न्यूझीलंडला जाऊन ड्युनेडिनची पहिली कसोटी जिंकली. परदेशातला तो आपला पहिला कसोटी विजय होता आणि ती मालिकाही आपण 3-1 अशी जिंकली. प्रतिस्पर्धी तुलनेने सोपा होता हे मान्य केले, तरी अनेक आठवडे उसळत्या खेळपट्ट्यांवर चांगल्या गोलंदाजांसमोर उभे राहिलेला तो संघ होता, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही.

म्हणून मूळ प्रश्न मी वेगळ्या शब्दांत मांडतो. पहिल्या कसोटीत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला, तिथल्यासारख्या खेळपट्टीवर, तिथल्या चेंडूने, तिथल्या दर्जाच्या गोलंदाजीसमोर किंवा फलंदाजांसमोर, चुकल्यास किंमत मोजावी लागेल अशा परिस्थितीत किती तास मिळाले? सराव सामना हा हे तास मिळवण्याचा एक मार्ग आहे. तो चांगला असेल तर उत्तम, वाईट असेल तर त्याने तीन दिवस वाया जातात आणि वर खोटा आत्मविश्वास येतो.

फलंदाजांबाबत मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण तिथेच लोकांचा सर्वाधिक गैरसमज असतो. परदेशात आपले फलंदाज फटके विसरतात असे नाही. बदलावा लागतो तो चेंडू सोडण्याचा निर्णय. भारतातल्या बहुतेक खेळपट्ट्यांवर चांगल्या टप्प्याचा, यष्टीच्या रेषेतला चेंडू यष्टीवरच जातो, उलट खेळ जुना होत जातो तसा तो आणखी खाली राहतो. त्यामुळे आपल्याकडे वाढलेल्या फलंदाजाची बॅट अशा चेंडूकडे आपसूक जाते आणि घरी ते योग्यच असते. पर्थ, ब्रिस्बेन किंवा सेंच्युरियनला त्याच टप्प्याचा चेंडू यष्टीच्या वरून जातो. तिथे टप्पा पाहून चेंडू सोडता आला पाहिजे, आणि जो फलंदाज तो सोडत नाही त्याची कड स्लिपच्या हातात जाते. इंग्लंडमध्ये हिशेब पुन्हा वेगळा आहे. तिथे उसळी तेवढी नसते, पण ड्यूक्स चेंडूची हाताने घातलेली उठावदार शिवण बराच काळ टिकते आणि चेंडू टप्पा पडल्यानंतर उशिरापर्यंत हलत राहतो. म्हणून तिथे टप्प्यापेक्षा रेषेचे भान अधिक लागते, ऑफ स्टंप कुठे आहे हे पक्के ठाऊक असावे लागते आणि चेंडू शरीराजवळ, उशिरा, सैल हाताने खेळावा लागतो. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंडमध्ये कुकाबुरा चेंडू वापरतात. त्याची शिवण लवकर बसते, त्यामुळे नवा चेंडू ओसरेपर्यंतची सुमारे वीस-पंचवीस षटके निभावली की पुढे धावा करण्याची संधी मोठी असते. भारतातल्या एसजी चेंडूवर तयार झालेली नजर या दोन्हींसाठी पुन्हा घडवावी लागते.

हे नेटमध्ये का होत नाही, याचे कारण साधे आहे. नेटमध्ये कड लागली तर चेंडू जाळीत जातो आणि पुढचा चेंडू पुन्हा आपलाच असतो. गोलंदाज दर चेंडूला बदलतो, त्यामुळे एकाच गोलंदाजाने सहा षटके रचलेला सापळा तिथे अनुभवायला मिळत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहिण्यासारखा हा सराव आहे. म्हणून माझ्या पद्धतीत परदेशी पोहोचल्यानंतर नेटचा वाटा झपाट्याने कमी करतो आणि मधल्या खेळपट्टीवर यष्टिरक्षक, तीन स्लिप आणि गली लावून, बाद झालेला फलंदाज त्या दिवसापुरता खरोखर बाहेर, असा सराव घेतो. त्यात पहिल्या टप्प्यात धावांची नोंद मी ठेवतच नाही. फलंदाजाने सोडायला हवे होते असे किती चेंडू सोडले आणि खेळायला नको होते असे किती खेळले, एवढेच लिहून ठेवतो. हा आकडा सुधारू लागला की धावा आपोआप येतात, असा माझा अनुभव आहे.

विराट कोहलीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. 2014 मध्ये इंग्लंडमध्ये दहा डावांत 134 धावा, आणि 2018 मध्ये त्याच देशात 593 धावा. मधल्या काळात त्याने क्रीजबाहेर उभे राहण्यापासून ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूकडे पाहण्यापर्यंत बरेच बदल केले. ते बदल दौऱ्याच्या पहिल्या आठवड्यात झालेले नव्हते, त्यामागे फार आधीची मेहनत होती. मला वाटते की दौरा विमानात बसल्यावर सुरू होतो, ही समजूत आधी सोडली पाहिजे.

सराव सामन्याच्या बाजूने बोलायचे तर त्याचा एक गुण कशानेही भरून निघत नाही. फलंदाज चार तास खेळतो, मग दीड दिवस क्षेत्ररक्षण करतो, थकलेल्या पायांनी पुन्हा सलामीला येतो. शरीराला आणि मनाला कसोटीची लय त्यातूनच सापडते. घड्याळाचा भागही आहे. मेलबर्न किंवा सिडनीत उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते, न्यूझीलंडमध्ये साडेसात तास. झोप बसायला काही दिवस जातात आणि ते दिवस कसोटीत गेलेले परवडत नाहीत. मात्र यजमान मंडळाने दिलेली खेळपट्टी मंद असेल, समोर दुय्यम गोलंदाज असतील आणि दोन्ही संघांनी पंधरा-सोळा खेळाडू आलटून पालटून खेळवायचे ठरवले असेल, तर त्या सामन्यातले शतक कसोटीबद्दल फार काही सांगत नाही. म्हणून एखाद्या दौऱ्यावर संघ व्यवस्थापनाने सराव सामना नाकारला, तर तो आळस आहे असे मी लगेच म्हणत नाही. आधी खेळपट्टी आणि समोरचा संघ कसा होता, हे विचारतो.

गोलंदाजांचा प्रश्न निराळा आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. उसळती खेळपट्टी मिळाली की गोलंदाज आखूड टप्प्याकडे ओढला जातो. चेंडू यष्टिरक्षकाच्या छातीपर्यंत जातो, फलंदाज चुकतो, प्रेक्षक दाद देतात, आणि धावफलकावर मात्र गडी दिसत नाही, कारण कड लागावी इतका तो पुढे पडलेलाच नसतो. योग्य टप्पा सापडायला अनेकदा पहिल्या कसोटीतला एक पूर्ण डाव खर्ची पडतो. 2023-24 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात सेंच्युरियनला यजमानांनी 408 धावा केल्या आणि आपण एक डाव व 32 धावांनी हरलो. पुढच्याच कसोटीत केप टाऊनला मोहम्मद सिराजने 15 धावांत 6 गडी बाद केले, यजमान 55 धावांत आटोपले आणि 642 चेंडूंतच संपलेला तो सामना आपण जिंकला. खेळपट्टीचा वाटा त्यात मोठा होता हे उघड आहे, पण टप्प्यातला फरकही डोळ्यांना दिसणारा होता.

त्याखेरीज गोलंदाजांवरच्या भाराचा मुद्दा आहे. आयपीएलमध्ये चार षटके टाकणाऱ्या गोलंदाजाला कसोटीत दिवसाला अठरा-वीस षटके टाकावी लागतात आणि हा भार एकदम वाढवला तर दुखापत ओढवते. 2025 मध्ये आयपीएलचा अंतिम सामना 3 जूनला झाला आणि लीड्सची कसोटी 20 जूनला सुरू झाली. सतरा दिवसांत प्रवास, हवामान, नवा चेंडू आणि षटकांची चढती मात्रा हे सगळे बसवणे अवघड आहे. ज्या वेगवान गोलंदाजांचा संघ स्पर्धेतून आधी बाहेर पडतो त्यांना कसोटीचा लाल चेंडू लगेच हातात द्यावा, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे.

लीड्सचाच सामना घेऊन आणखी एक गोष्ट सांगतो. त्या कसोटीत आपल्या फलंदाजांनी पाच शतके केली, त्यांतील दोन ऋषभ पंतची. तरीही इंग्लंडने चौथ्या डावात 371 धावांचे लक्ष्य गाठले. याचे कारण असे की पहिल्या डावात शेवटचे सात गडी 41 धावांत गेले, दुसऱ्या डावात शेवटचे सहा 31 धावांत गेले, आणि सामनाभर झेल सुटत राहिले. शेवटच्या डावात 149 धावा करणाऱ्या बेन डकेटला 97 वर असताना जीवदान मिळाले. सराव सामन्याच्या चर्चेत तळाच्या फलंदाजांचा आणि स्लिपमधल्या झेलांचा उल्लेखही होत नाही. इंग्लंडमध्ये बॅटची कड घेऊन आलेला चेंडू हवेत डगमगतो, ढगाळ उजेडात तो उशिरा दिसतो, आणि खेळपट्टीच्या वेगाप्रमाणे स्लिपने किती मागे उभे राहायचे हे प्रत्येक मैदानावर नव्याने ठरवावे लागते. हा अंदाज यंत्राने किंवा प्रशिक्षकाच्या बॅटने दिलेल्या झेलांतून येत नाही. खऱ्या गोलंदाजाच्या खऱ्या कडेवरचे झेलच घ्यावे लागतात. मी तळाच्या चार फलंदाजांना रोज मधल्या खेळपट्टीवर, नव्या चेंडूसमोर, आघाडीच्या फलंदाजांइतकाच वेळ देतो. अनेक संघांत त्यांना नेट संपता संपता दहा मिनिटे मिळतात, आणि नंतर तीस धावा कमी पडल्या म्हणून आपण हळहळतो.

इथवरचा आशय एवढाच की पहिल्या कसोटीची तयारी म्हणजे सोडण्याचे भान, टप्प्याचे भान, षटकांचा भार, स्लिपमधले झेल आणि तळाची फलंदाजी या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच सराव सामन्यातून त्या पाचही साधतील अशी अपेक्षा धरता येत नाही.

मग सध्याच्या वेळापत्रकात शक्य काय आहे? माझ्या मते सर्वांत उपयोगी मार्ग भारत 'अ' संघाच्या दौऱ्याचा आहे. तिथे समोरचे खेळाडू राष्ट्रीय संघात जागा मिळवण्यासाठी झगडत असतात, त्यामुळे सामना मनापासून खेळला जातो, आणि चार दिवसांच्या दोन सामन्यांत खेळाडूला खरे तास मिळतात. 2024 मध्ये राहुल ऑस्ट्रेलिया 'अ' विरुद्ध मेलबर्नला खेळला. धावा झाल्या नाहीत, पण पर्थच्या कसोटीत त्याने पहिल्या डावात 74 चेंडू खेळून काढले आणि दुसऱ्या डावात 77 धावा करताना यशस्वी जैस्वालबरोबर 201 धावांची सलामी दिली. 2025 मध्ये तो इंग्लंड लायन्स या इंग्लंडच्या दुसऱ्या फळीच्या संघाविरुद्ध नॉर्दम्प्टनला खेळला, तिथे शतक केले आणि लीड्सच्या दुसऱ्या डावात 137 धावा केल्या. सलामीवीराने मुख्य संघाच्या आधी निघावे आणि असे सामने खेळावेत, हा पायंडा मला फार मोलाचा वाटतो. कौंटी क्रिकेटचाही उपयोग होतो, मात्र एखाद्या हंगामात तिथे धावा झाल्या नाहीत म्हणून खेळाडूला दूर सारू नये. 2018 मध्ये यॉर्कशायरकडून पुजाराच्या फारशा धावा झाल्या नव्हत्या, एजबॅस्टनला त्याला वगळले गेले, आणि पुढे साऊदम्प्टनला त्यानेच नाबाद 132 धावा केल्या.

यातून निवडीचा मुद्दा निघतो. पहिल्या कसोटीचा संघ निवडताना घरच्या किंवा पांढऱ्या चेंडूच्या, म्हणजे मर्यादित षटकांच्या, ताज्या धावांना आपल्याकडे जरा जास्तच वजन मिळते. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिल्या दोन कसोट्यांत अजिंक्य रहाणेला बाहेर ठेवले होते. जोहान्सबर्गच्या अवघड खेळपट्टीवर त्याला घेतले आणि दुसऱ्या डावातल्या त्याच्या 48 धावा विजयात निर्णायक ठरल्या. परदेशात आधी टिकून दाखवलेला खेळाडू पहिल्या कसोटीत असावा, आणि नव्या खेळाडूला आजूबाजूला असे दोन-तीन आधार असताना उतरवावे, असा सल्ला मी नेहमी देतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि तयारीने त्या पूर्णपणे हातात येत नाहीत. 2020 मध्ये अॅडलेडला पहिल्या डावात 53 धावांची आघाडी घेतलेला संघ दुसऱ्या डावात 36 धावांत बाद झाला. त्या तासाभरात जोश हेझलवूड आणि पॅट कमिन्स यांनी टाकलेले बरेचसे चेंडू कोणत्याही फलंदाजाला बाद करू शकले असते. तोच संघ पुढे मेलबर्न आणि ब्रिस्बेन जिंकून मालिका 2-1 अशी घेऊन आला. चार-पाच कसोट्यांच्या मालिकेत पहिला सामना गमावून सावरता येते, हे आपण एकदा नव्हे, अनेकदा दाखवले आहे.

दोन कसोट्यांच्या मालिकेत ही सोय नसते, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी जास्त ठामपणे देईन. तिथे पांढऱ्या चेंडूच्या संघात नसलेले कसोटी खेळाडू किमान दोन आठवडे आधी पाठवावेत. त्यांच्यासाठी 'अ' संघाचा एक चार दिवसांचा सामना त्याच देशात, शक्य तर कसोटीच्या मैदानासारख्याच खेळपट्टीवर, ठरवून घ्यावा. दौऱ्याचे वेळापत्रक आखतानाच यजमान मंडळाशी खेळपट्टी आणि समोरच्या संघाचा दर्जा यांबद्दल लेखी बोलणी करावीत, कारण तिथे पोहोचल्यावर केलेल्या तक्रारीचा काही उपयोग होत नाही. मर्यादित षटकांची मालिका कसोट्यांच्या आधी असेल, तर तिथल्या वेगवान गोलंदाजांपैकी जे कसोटीही खेळणार आहेत त्यांना शेवटचा सामना न खेळवता लाल चेंडू द्यावा, मग त्या सामन्याचा निकाल काहीही लागो. आणि आपापसातलाच सामना खेळायचा असेल, तर पहिल्या पसंतीचे सलामीवीर आणि पहिल्या पसंतीचे नव्या चेंडूचे गोलंदाज समोरासमोर येतील अशा रीतीने संघ वाटावेत, पंच ठेवावेत आणि बाद झालेल्या फलंदाजाला पुन्हा संधी देऊ नये.